‘लेट हिम हॅव इट’ : चार शब्द, दोन अर्थ आणि एक फाशी

आजच्या व्याख्यानासाठी आपण एकच इंग्रजी वाक्य घेतलं आहे. फक्त चार शब्दांचं. ‘लेट हिम हॅव इट.’ यातला एकही शब्द अवघड नाही. शाळेत नुकतं इंग्रजी शिकायला लागलेल्या मुलाला विचारा, तो चारही शब्दांचे अर्थ घडाघडा सांगेल. लेट म्हणजे ‘करू दे’, हिम म्हणजे ‘त्याला’, हॅव म्हणजे ‘असणं’ किंवा ‘घेणं’, इट म्हणजे ‘ते’. झालं. शब्दकोश उघडायचीसुद्धा गरज नाही.

पण हे चार शब्द एकत्र आले की काय होतं? याच चार शब्दांच्या साक्षीवर १९५३ साली इंग्लंडमध्ये एकोणीस वर्षांच्या एका मुलाला फाशी झाली. आणि ती फाशी चुकीची होती का, याचा वाद पुढे पंचेचाळीस वर्षं चालला. तेव्हा वाक्प्रचाराचा अर्थ संदर्भातून कसा लावायचा, हा विषय आपण केवळ परीक्षेतल्या मार्कांपुरता घेत नाही आहोत, हे आधीच लक्षात ठेवू या.

आधी रोजच्या वापराकडे बघू. मग त्या खटल्याकडे जाऊ.

चार प्रसंग, एकच वाक्य

पहिला प्रसंग. घरात दोन भावंडं आहेत, एक खेळणं आहे. धाकटा रडतोय. आई मोठ्याला म्हणते, ‘लेट हिम हॅव इट.’ अर्थ काय? ‘घेऊ दे त्याला. दे त्याला ते.’

दुसरा प्रसंग. जुन्या फर्निचरचं दुकान. गिऱ्हाईक एका खुर्चीसाठी अर्धा तास घासाघीस करतंय. शेवटी मालक नोकराला म्हणतो, ‘लेट हिम हॅव इट.’ म्हणजे ‘जाऊ दे, देऊन टाक त्याला त्या भावात.’

तिसरा प्रसंग. ऑफिसात कुणीतरी सांगतंय, साहेबांच्या खोलीत काल काय झालं ते. ‘शी लेट हिम हॅव इट.’ आता इथे बाईसाहेबांनी त्याला काही वस्तू दिली का? नाही. इथे अर्थ आहे, ‘चांगलंच झापलं त्याला.’

चौथा प्रसंग. रस्त्यावर मारामारी चालली आहे. बघणाऱ्यांतला एक जण ओरडतो, ‘लेट हिम हॅव इट!’ म्हणजे ‘हाण त्याला!’ आणि ज्याला उद्देशून हे म्हटलं, त्याच्या हातात पिस्तूल असेल तर? तर अर्थ होतो, ‘घाल गोळी.’

बघा, वाक्य तेच. व्याकरण तेच. एकीकडे आईची समजूत आहे, दुसरीकडे खुनाची चिथावणी. बदललं काय? बदलला तो ‘इट’. पहिल्या दोन प्रसंगांत ‘इट’ म्हणजे समोर दिसणारी वस्तू आहे: खेळणं, खुर्ची. तिच्याकडे बोट दाखवता येतं. शेवटच्या दोन प्रसंगांत ‘इट’ला बोट दाखवायला जागाच नाही. तो फटका आहे, शिवी आहे, गोळी आहे. ऐकणाऱ्याने ती आपल्या मनाने भरायची.

आता कुणी म्हणेल, ही इंग्रजीची खोड आहे. अजिबात नाही. आपण मराठीत हेच रोज करतो, फक्त आपल्याला ते जाणवत नाही. ‘त्याने एक ठेवून दिली.’ एक काय? थप्पड. पण ‘थप्पड’ हा शब्द वाक्यात कुठे आहे? तो गाळलेला आहे, आणि तरीही ‘दिली’ हे स्त्रीलिंगी रूप त्याची खूण सांभाळून आहे. ‘दे त्याला!’ असं नुसतं म्हटलं, तर ते वाढप्याला उद्देशून आहे की भांडणाऱ्याला, हे पंगतीत बसलाय की आखाड्याशेजारी उभा आहे यावरून ठरतं. ‘दाखवतो तुला’ हे फोटो दाखवतानाही म्हणता येतं आणि दात-ओठ खाऊनही म्हणता येतं. मातृभाषेत आपण या गोष्टी क्षणात ओळखतो, कारण आपण शब्दांबरोबर प्रसंगही ऐकत असतो. परभाषेत मात्र आपण शब्दांनाच चिकटतो आणि प्रसंग सोडून देतो. अडचण तिथून सुरू होते.

दोन छोट्या चाचण्या

इंग्रजी वाक्प्रचार ओळखण्यासाठी दोन सोप्या चाचण्या आहेत. त्या या वाक्यावर लावून बघू.

पहिली चाचणी: सर्वनामाच्या जागी नाम घाला. ‘इट’ काढून ‘द चेअर’ घातलं, ‘लेट हिम हॅव द चेअर’, की मारण्याचा, झापण्याचा अर्थ गळून पडतो. उरतो फक्त खुर्ची देण्याचा. म्हणजे तो दुसरा अर्थ ‘इट’ला घट्ट चिकटून आहे.

दुसरी चाचणी: क्रियापदाच्या जागी त्याचा समानार्थी शब्द घाला. ‘लेट’च्या ऐवजी ‘अलाउ’ वापरू. ‘अलाउ हिम टू हॅव इट.’ परत तेच. परवानगीचा अर्थ राहिला, हाणामारीचा गेला. समानार्थी शब्द घातल्यावर जो अर्थ नाहीसा होतो, तो अर्थ सुट्या शब्दांचा नसतो, त्या ठरावीक जुळणीचा असतो. मराठीत ‘डोळा लागला’ म्हणजे झोप लागली. पण ‘नेत्र लागला’ म्हणून बघा. कुणालाही झोप येणार नाही.

पण इथे एक मर्यादा आहे, ती नीट समजून घ्या. या चाचण्या आपल्याला सांगतात की वाक्याचे किती अर्थ *होऊ शकतात*. बोलणाऱ्याच्या मनात त्यातला कोणता *होता*, हे त्या सांगत नाहीत. ते ठरवायला बोलणारा, ऐकणारा, जागा, वेळ, आवाज आणि त्यानंतर घडलेली गोष्ट, हे सगळं बघावं लागतं. यातल्या आवाजाची गंमत अशी की कागदावर तो उतरतच नाही. ‘लेट’वर जोर दिला तर परवानगी वाटते. ‘हिम’वर जोर दिला तर ‘दुसऱ्या कुणाला नको, त्याला दे’ असं वाटतं. ‘हॅव’वर जोर देऊन ओरडलं तर चिथावणी वाटते. लिहून घेणारा चार शब्द लिहितो, आणि जोर हवेत विरून जातो.

ही सगळी तयारी मनात ठेवून आता क्रॉयडनला जाऊ.

क्रॉयडनचं छप्पर

क्रॉयडन हे लंडनच्या दक्षिणेला असलेलं गाव. तारीख २ नोव्हेंबर १९५२, रविवारची रात्र. दोन मुलं चोरीच्या इराद्याने एका गोदामाच्या छपरावर चढली. एक ख्रिस्तोफर क्रेग, वय सोळा. दुसरा डेरेक बेंटली, वय एकोणीस. क्रेगकडे पिस्तूल होतं. बेंटलीकडे चाकू आणि बोटांत घालायची लोखंडी मूठ होती. ती मूठ त्याला क्रेगनेच दिलेली होती. बेंटली वयाने मोठा असला तरी बुद्धीने खूप मागे होता. त्याला लिहिता-वाचता जवळजवळ येत नव्हतं, फिट्सचाही त्रास होता.

समोरच्या घरातून कुणीतरी या दोघांना चढताना पाहिलं आणि पोलीस आले. फ्रेडरिक फेअरफॅक्स नावाचे डिटेक्टिव्ह छपरावर चढले. त्यांनी बेंटलीला पकडलं. पोलिसांच्या साक्षीप्रमाणे बेंटली त्यांच्या हातून सुटला आणि ओरडला, ‘लेट हिम हॅव इट, क्रिस!’ क्रेगने गोळी झाडली. ती फेअरफॅक्स यांच्या खांद्याला लागली. तशाही अवस्थेत फेअरफॅक्स यांनी बेंटलीला पुन्हा पकडलं. त्यानंतर आणखी पोलीस आले. बेंटली पोलिसांच्या ताब्यात आल्यावर सुमारे पंधरा मिनिटांनी सिडनी माइल्स हे शिपाई जिन्याच्या दारातून छपरावर आले, आणि क्रेगच्या गोळीने जागच्या जागी ठार झाले. गोळ्या संपल्यावर क्रेगने छपरावरून खाली उडी मारली. तो जबर जखमी झाला, पण वाचला.

आता कायद्याची बाजू. त्या काळात इंग्लंडमध्ये खुनाला एकच शिक्षा होती, फाशी. पण अठरा वर्षांखालच्याला फाशी देता येत नसे. म्हणजे ज्याने गोळी झाडली तो क्रेग फाशीतून वाचणार, हे पहिल्या दिवसापासून ठरलेलं होतं. प्रश्न फक्त बेंटलीचा होता. त्याने पिस्तुलाला हात लावला नव्हता. पण गुन्ह्यात दोघे एकत्र असतील, आणि हिंसा करण्यात दोघांचा समान इरादा असेल, तर दोघेही खुनाला जबाबदार, असं कायदा सांगत होता. मग बेंटलीचा इरादा काय होता, हे कशावरून ठरवायचं? सरकारी पक्षाच्या हातात जे होतं, त्यातलं सगळ्यात मोठं म्हणजे हे चार शब्द.

‘इट’ म्हणजे काय?

आपण मघाशी केलेलं विश्लेषण इथे लावून बघा. छपरावर तिघं जण आहेत. ‘हिम’ म्हणजे फेअरफॅक्स, यात शंका नाही. पण ‘इट’?

एका अर्थी ‘इट’ म्हणजे गोळी. ‘घाल त्याला, क्रिस!’

दुसऱ्या अर्थी ‘इट’ म्हणजे पिस्तूल. ‘देऊन टाक त्याला, क्रिस!’ म्हणजे शरण जा.

खेळण्याच्या आणि खुर्चीच्या उदाहरणात आपण म्हटलं होतं की ‘इट’कडे बोट दाखवता आलं तर शब्दशः अर्थ संभवतो. इथे तर बोट दाखवण्याजोगी वस्तू क्रेगच्या हातातच आहे. म्हणजे प्रसंग दोन्ही अर्थांना जागा देतो. आणि दोन्ही अर्थ एकमेकांच्या अगदी उलट आहेत. एक म्हणतो मार, दुसरा म्हणतो थांब.

मग पुढचं-मागचं वागणं बघावं. पोलिसांच्या म्हणण्याप्रमाणे तो नुकताच हिसका देऊन सुटला होता, हे पहिल्या अर्थाकडे झुकतं. पण पुन्हा पकडल्यावर त्याने चाकू काढला नाही, ती लोखंडी मूठ चालवली नाही, जखमी पोलिसाच्या तावडीतून पळायचा प्रयत्न केला नाही. हे दुसऱ्या बाजूला जातं. असा हा तराजू आहे.

या घटनेबद्दल जे ऐकीव सांगितलं जातं, त्यात इथे एक मोठी गफलत होते. लोकांना वाटतं, कोर्टात या दोन अर्थांवर युक्तिवाद झाला आणि ज्युरींनी त्यातला एक निवडला. तसं झालंच नाही. बेंटलीने कोर्टात सांगितलं की हे शब्द मी उच्चारलेच नाहीत. क्रेगनेही तेच सांगितलं, आणि पुढेही तो तेच सांगत राहिला. तीन पोलीस म्हणाले, आम्ही ऐकले. दोन आरोपी म्हणाले, बोललेच गेले नाहीत. ‘देऊन टाक’ हा अर्थ बचाव पक्ष मांडणार तरी कसा? जे बोललोच नाही, त्याचा चांगला अर्थ सांगायचा म्हणजे बोललो हे कबूल करण्यासारखंच झालं. पिस्तुलाच्या अर्थाची चर्चा वाढली ती कोर्टाबाहेर, नंतरच्या वर्षांत.

आपल्या विषयाच्या दृष्टीने हे फार महत्त्वाचं आहे. वाक्याचा अर्थ काय, हा दुसरा प्रश्न असतो. हे वाक्य खरंच, याच शब्दांत बोललं गेलं का, हा पहिला. या खटल्याबद्दल लिहिणाऱ्यांनी पुढे एक जुनी गोष्टही दाखवून दिली. १९४० मध्ये उत्तर इंग्लंडातल्या डरहॅम परगण्यात एका पोलिसाचा असाच खून झाला होता. त्या खटल्यातही गोळी झाडणाऱ्याच्या साथीदाराच्या तोंडी जवळजवळ हेच शब्द होते, आणि दोघांनाही फाशी झाली होती. यावरून काहीच सिद्ध होत नाही, हे खरं. चिथावणी देणारा माणूस नेहमीचाच वाक्प्रचार वापरणार. पण ऐकणाऱ्याच्या कानांनाही नेहमीचेच वाक्प्रचार ऐकू येतात, ही शंका त्यामुळे उभी राहिली.

खटला डिसेंबर १९५२ मध्ये लंडनच्या ओल्ड बेलीत चालला, अवघे तीन दिवस. समोर सरन्यायाधीश लॉर्ड गॉडर्ड. ज्युरींनी सव्वा तासात दोघांनाही दोषी ठरवलं, मात्र बेंटलीवर दया दाखवावी अशी शिफारस केली. गृहमंत्री डेव्हिड मॅक्सवेल फाइफ यांनी दया नाकारली. २८ जानेवारी १९५३ रोजी सकाळी वँड्सवर्थच्या तुरुंगात डेरेक बेंटलीला फाशी देण्यात आली. गोळी झाडणारा क्रेग सुमारे दहा वर्षं तुरुंगात राहून १९६३ मध्ये सुटला.

एका ‘देन’ची साक्ष

बेंटलीविरुद्ध दुसरा मोठा कागद होता, त्याचा पोलिसांपुढचा जबाब. पोलिसांचं म्हणणं होतं की हा जबाब त्याने स्वतःच्या तोंडाने सलग सांगितला, आम्ही फक्त लिहून घेतला. मध्ये प्रश्न विचारले नाहीत.

अनेक वर्षांनी माल्कम कुल्थार्ड या भाषाशास्त्रज्ञांनी हा जबाब तपासला. त्यांनी कुठल्या मोठ्या शब्दाकडे बघितलं नाही. ‘देन’ या अगदी साध्या शब्दाकडे बघितलं. देन म्हणजे ‘मग’, ‘नंतर’. ५८२ शब्दांच्या त्या जबाबात हा शब्द १० वेळा येतो. म्हणजे साधारण ५८ शब्दांमागे एकदा. सामान्य साक्षीदारांच्या जबाबांचा नमुना त्यांनी तपासला, तर तिथे ‘देन’ सुमारे ९३० शब्दांमागे एकदा मिळाला. आणि पोलिसांच्या जबाबांत? ७८ शब्दांमागे एकदा.

शिवाय त्याची जागाही बघा. साधा इंग्रज माणूस बोलताना बहुधा ‘देन आय’ म्हणतो, म्हणजे ‘मग मी’. त्या जबाबात मात्र ‘आय देन’ अशी रचना पुन्हा पुन्हा येते. ‘मी नंतर’ अमुक केलं, अशी. ही पोलिसी कागदाची धाटणी.

आपल्याला हे लगेच पटावं म्हणून मराठीतलं उदाहरण घेऊ. समजा, कधी शाळेत न गेलेल्या एखाद्या माणसाच्या जबाबात लिहिलं आहे, ‘तद्नंतर सदर इसमाने मला शिवीगाळ केली.’ आपण काय म्हणू? हा माणूस असं बोलत नाही. ‘सदर इसम’ हा शब्द त्याच्या तोंडचा नाही, लिहिणाऱ्याच्या लेखणीतला आहे. नेमकं तेच कुल्थार्डांनी आकडे मांडून दाखवलं. त्याबरोबरच त्या जबाबात ‘मी हे केलं नाही’, ‘मला ते माहीत नव्हतं’ अशी नकारार्थी वाक्यं मध्येच येतात. कुणी विचारल्याशिवाय माणूस आपण काय केलं नाही, ते सहसा सांगत बसत नाही. म्हणजे मध्ये प्रश्न होते. प्रश्न पुसले गेले, उत्तरं उरली. आणि ज्या संभाषणातले प्रश्नच पुसले गेले, त्यातल्या उत्तरांचा संदर्भ कुठून आणायचा?

जाता जाता एक नोंद करू. पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध सिद्ध करता येत नाही, हा नियम भारतात १८७२ च्या पुरावा कायद्याच्या २५ व्या कलमात होता. २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही तो २३ व्या कलमात आहे. बोलणारा एक आणि लिहिणारा दुसरा असला की काय होऊ शकतं, याची काळजी त्यामागे आहे.

बेंटलीचे आई-वडील आणि बहीण आयरिस यांनी वर्षानुवर्षं लढा दिला. १९९३ मध्ये त्याची शिक्षा माफ झाली, पण दोष कायम राहिला. अखेर ३० जुलै १९९८ रोजी अपील न्यायालयाने दोषही रद्द केला. त्यामागचं मुख्य कारण, मूळ न्यायाधीशांनी ज्युरींना ज्या पद्धतीने खटला समजावून सांगितला, त्यामुळे बेंटलीला न्याय्य सुनावणी मिळाली नाही, हे होतं. न्यायालयाने चार शब्दांचा ‘खरा अर्थ’ जाहीर केला, असं समजू नका. तो आज कुणालाच जाहीर करता येणार नाही. आयरिस हा निकाल ऐकायला नव्हत्या. त्या आदल्या वर्षीच वारल्या होत्या.

आपण काय करायचं?

आता तुम्ही म्हणाल, आम्हाला कुठे छपरावर चढायचंय? बरोबर आहे. पण इंग्रजी मेल आपल्याला रोज येतात. मोबाइलवर तुटक निरोप येतात. परदेशी वरिष्ठ चार शब्दांत काहीतरी लिहितो, आणि आपण त्यावर दिवसभर विचार करत बसतो. त्या प्रत्येक वेळी आपण एक अर्थ निवडत असतो. तो निवडण्याआधी स्वतःला पाच प्रश्न विचारायची सवय लावू या.

एक, हेच शब्द आहेत का, की कुणीतरी ऐकून सांगितलेले आहेत?

दोन, कोण कुणाला म्हणतंय? आई मुलाला, मालक नोकराला, की भांडणारा भांडणाऱ्याला?

तीन, वाक्यातलं ‘इट’, ‘दॅट’, ‘धिस’ कशाकडे बोट दाखवतंय? बोट दाखवायला वस्तू आहे का?

चार, याच्या आधी काय झालं होतं? हे कुठल्या प्रश्नाचं उत्तर आहे?

पाच, बोलल्यावर त्या माणसाने पुढे काय केलं?

हे पाच प्रश्न विचारूनही कधी कधी दोन अर्थ शिल्लक राहतात. तेव्हा आपल्याला घाईने एक उचलायचा मोह होतो, कारण अर्धवट समजणं आपल्याला आवडत नाही. अशा वेळी समोरच्याला विचारता येत असेल तर सरळ विचारावं. ‘तुम्हाला असं म्हणायचं आहे का?’ एवढं एक वाक्य पुरतं. विचारता येत नसेल, तर ‘याचे दोन अर्थ होतात’ असं म्हणून थांबावं. दोन अर्थ होतात हे सांगणं म्हणजे अज्ञान नव्हे. तीच खरी माहिती आहे.

भाषांतर करणाऱ्यांनी तर हे जपायलाच हवं. या खटल्यावर १९९१ मध्ये एक इंग्रजी चित्रपट निघाला, त्याचं नावच हे चार शब्द आहेत. समजा, त्याचं नाव मराठीत करायचं आहे. ‘घाल गोळी’ केलं, तर बेंटलीला आपणच दोषी ठरवलं. ‘देऊन टाक पिस्तूल’ केलं, तर आपणच त्याला निर्दोष सोडलं. मराठीत दोन्ही अर्थ शिल्लक ठेवणारे दोनच शब्द आहेत, ‘दे त्याला!’ भाषांतरकाराचं काम इथे अर्थ लावणं नाही, संदिग्धता तशीच पलीकडे पोचवणं आहे.

आणि हे उलट दिशेनेही लागू आहे. महाराष्ट्रात खालच्या कोर्टात साक्षीदार मराठीत बोलतो, आणि प्रकरण उच्च न्यायालयात गेलं की कामकाज इंग्रजीत चालतं. ‘तुला बघून घेतो’ या आपल्या वाक्याचं कुणी शब्दशः भाषांतर केलं, तर धमकीची भेटीगाठीची वेळ ठरवल्यासारखी होईल. आणि ‘जिवे मारीन’ असं केलं, तर जे बोललं गेलं नाही ते लिहिलं जाईल. ‘बघून घेतो’मध्ये धमकी आहे, पण कशाची ते मोकळं सोडलेलं आहे. ते मोकळेपणच त्या वाक्याचा अर्थ आहे.

पुढच्या व्याख्यानाआधी एक काम तुमच्यासाठी. दिवसभरात कानावर पडणारी अशी पाच मराठी वाक्यं टिपून ठेवा, ज्यात ‘एक’, ‘ते’, ‘असं’, ‘तिकडं’ यातला एखादा शब्द आहे आणि ज्याचे प्रसंगानुसार दोन अर्थ होतात. प्रत्येक वाक्यापुढे कोण, कुणाला, कुठे, हेही लिहा. मग आठवड्याने ती वही काढून कोण-कुणाला-कुठे हा भाग हाताने झाका आणि नुसती वाक्यं वाचा. त्यातल्या किती वाक्यांचा अर्थ तुम्ही शपथेवर सांगू शकता, ते मोजा. पुढच्या वेळी आपण तिथूनच सुरुवात करू.